ऐकू येतं, पण कळत नाही

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, साठ रुपये द्या, भाजीवाली थांबलीय." अप्पांनी खिशातून पाचाचं आणि दोनाचं नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आई चिडली. "लक्ष कुठं असतं तुमचं?" अप्पाही चिडले. "सात म्हणालीस की तू!"

त्या दिवशी आम्ही हसलो. मग दोन-तीन वर्षं आमच्या घरात एक वाक्य रुळलं: अप्पांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. गल्लीच्या टोकाला एसटी वळली की त्यांना कळायचं. आभाळ गडगडलं की वाळवण काढायला तेच सगळ्यांच्या आधी उठायचे. मग शेजारी बसलेल्या माझ्या लेकीचं बोलणं का ऐकू येऊ नये? आम्हाला आधी ते दुर्लक्ष वाटलं, मग विसराळूपणा. लग्नकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायला लागले, तेव्हा म्हटलं, वय झालं. शेवटी तपासणी झाली आणि कळलं की त्यांचं लक्ष अगदी जागेवर होतं. "सात" आणि "साठ" यांच्यातला फरक ज्या आवाजात असतो, तो आवाजच त्यांच्या मेंदूपर्यंत पोचत नव्हता.

ही दोन-तीन वर्षं पुष्कळ घरांत अशीच जातात. ती वाचावीत म्हणून हे लिहितोय.

ज्वारीचं शेत

ऐकू कमी येणं म्हणजे रेडिओचा कान पिळून आवाज लहान करावा तसं काहीतरी असेल, असं आपण धरून चालतो. कधीकधी ते तसं असतंही. पण बहुतेक वयस्क माणसांच्या बाबतीत बिघाड वेगळा असतो, आणि तो समजायला कानाच्या आत थोडं डोकवावं लागतं.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या नळीतून पडद्यावर आदळते. पडद्याला आतून तीन इवलीशी हाडं जोडलेली असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो ती. हे हाड हुबेहूब तसं दिसतं. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. ही तीन हाडं थरथर पुढे ढकलतात ती एका वेटोळ्या शंखात. वाटाण्याएवढ्या या शंखात पाणी भरलेलं असतं, आणि त्या पाण्याच्या लाटांवर डोलणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. या केसपेशी डोलल्या की विजेचा इशारा तयार होतो, तो नसेतून मेंदूत जातो, आणि मग आपण म्हणतो, "ऐकू आलं."

वाऱ्यावर डोलणारं ज्वारीचं शेत डोळ्यांसमोर आणा. जोराचा वारा आला तर पीक आडवं होतं, पण एकदोन दिवसांत पुन्हा मान वर काढतं. मिरवणुकीत कानठळ्या बसतात, घरी आल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटतं आणि सकाळपर्यंत कान मोकळे होतात, ते हेच. पण गारपीट झाली तर ताटं मोडतात. शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा पेरतो, कानात मात्र दुसरी पेरणी नाही. पक्ष्यांच्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाला जन्मतः मिळालेल्या तेवढ्याच.

या शेतात एक शिस्त आहे. शंखाच्या दारापाशी असलेल्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात. अगदी आतल्या टोकाच्या पेशी जाड, घुमणारे आवाज टिपतात. वय, गोंगाट, औषधं, काहीही असो, नुकसान बहुधा दारापाशी सुरू होतं. म्हणून एसटीची घरघर आणि ढगांचा गडगडाट शेवटपर्यंत शाबूत राहतो, आणि बारीक आवाज आधी जातात.

भाषेतले बारीक आवाज कोणते? व्यंजनं. "आ", "ओ", "ऊ" हे स्वर जाड आणि दमदार असतात. "स", "श", "ट", "ठ", "थ", "फ", "क" हे हळू आणि तीक्ष्ण. पण शब्दाचा अर्थ पेलून धरतात ती व्यंजनंच. पाट, पाठ, काठ, काच, साथ, सात, साठ: यांतली व्यंजनं पुसून टाकली तर उरतो फक्त एक लांब "आ". अप्पांना तो "आ" व्यवस्थित ऐकू येत होता. बाकीचं ते संदर्भावरून, ओठांवरून, अंदाजानं भरून काढत होते. ओळखीच्या विषयावर, समोरासमोर, शांत खोलीत त्यांचं छान चालायचं. पंखा, टीव्ही आणि मिक्सर एकदम चालू असले की अंदाज फसायचा. "ऐकू येतं, पण कळत नाही" अशी तक्रार एखाद्यानं केली तर ती शब्दशः खरी समजा.

म्हणूनच ओरडून फायदा होत नाही. ओरडताना आपण स्वर मोठे करतो. "स" मोठ्यानं ओरडताच येत नाही, करून बघा. शिवाय या आजारात एक विचित्र गोष्ट होते. हळू आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. "काय? काय म्हणालास?" आणि पुढच्याच क्षणी "ओरडतोस कशाला!" हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच मिनिटात येतं. तो हट्ट नसतो, मोडलेल्या केसपेशींचा तो स्वभाव आहे.

वाटेत अडलं की शंखात बिघडलं?

डॉक्टर सगळ्यांत आधी हे ठरवतात. नळी, पडदा किंवा तीन हाडं यांत अडथळा असेल तर तो पुष्कळदा दूर करता येतो. शंखात किंवा नसेत बिघाड असेल तर तो सहसा कायमचा असतो, आणि मग मदतीचा मार्ग वेगळा.

पहिल्या गटात मळ येतो, सर्दीनंतर पडद्यामागे साठलेलं पाणी येतं, पडद्याला पडलेलं भोक येतं, रिकीब जागच्या जागी घट्ट बसून जाण्याचा विकार येतो. मळाबद्दल एवढंच सांगतो की तो घाण नाही, कानाचं संरक्षण आहे, आणि तो आपोआप बाहेर सरकतो. आपण काडी, पिन, किल्ली किंवा कापसाची कांडी घालून त्याला आत ठासतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. आजी ते मायेनंच करते, पण त्याचा उपयोग काही नाही, आणि दमट हवेत त्यावर बुरशी मात्र वाढते. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आतच जातं.

कान वाहणं ही आपल्याकडची फार जुनी, अंगवळणी पडलेली गोष्ट. "लहानपणापासून वाहतो," असं लोक नाक शिंकरल्याच्या सहजतेनं सांगतात. असा कान दाखवायलाच हवा. दुर्गंधी येणारा स्राव असेल तर आत हाड कुरतडणारी वाढ असू शकते, आणि ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. आणि एक गोष्ट मी इथे मुद्दाम लिहितो: मुलांच्या कानफटात मारू नका. त्या एका चपराकेच्या हवेच्या दाबानं पडदा फाटू शकतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा दिवसभरात एक कान गेला, तर "दडा बसला असेल, सुटेल" म्हणून थांबू नका. तोंड मिटून "म्म्म" असा आवाज काढा. तो बिघडलेल्या कानात जास्त घुमला तर बहुधा वाटेत काहीतरी अडलंय. चांगल्या कानात घुमला तर नस किंवा शंख दुखावला असण्याची शक्यता आहे, आणि ही तातडीची वेळ आहे. यावर स्टिरॉइडचं औषध देतात. ते पहिल्या काही दिवसांत मिळालं तर कान परत येण्याची शक्यता जास्त असते, दोन आठवडे उलटल्यावर ती खूप कमी होते. घरातली ही युक्ती तपासणीची जागा घेत नाही. एक कान अचानक गेला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं.

मागाची खटखट

अप्पांनी इचलकरंजीत तीस वर्षं माग चालवले. धोटा इकडून तिकडे आदळणारे जुने माग, एका शेडमध्ये दोन-तीन डझन. लहानपणी डबा घेऊन गेलो की अप्पा हातवारे करून बोलायचे आणि मी ओठांवरून ओळखायचो. आम्हाला तो खेळ वाटायचा.

अशा शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आपलं साधं बोलणं साठच्या घरात. डेसिबलचा हिशोब फसवा आहे. तीन डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम हे सुरक्षिततेचं नेहमीचं माप मानलं, तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि असं उतरत उतरत १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. अप्पांची पाळी बारा तासांची होती. गोंगाटानं येणारं बहिरेपण कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, पण त्या शेडमध्ये कानात बोळा घातलेला माणूस मी कधी पाहिला नाही. यात दुखत नाही, रक्त येत नाही. पगाराच्या दिवशी कापलं जात नाही, म्हणून कुणी मोजतही नाही.

शेडबाहेरचा गोंगाट आपण स्वतः आणतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर पोराला खांद्यावर घेऊन नाचणारे बाप बघितले की माझ्या पोटात खड्डा पडतो. ताशाच्या पथकात रोज सराव करणाऱ्यांनी फोमचे बोळे वापरायलाच हवेत. काही पथकांत मुलं ते वापरताना दिसतात, ते पाहून बरं वाटतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. कानात घालायच्या इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप सोपं आहे: ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास, त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्यानं कमी. कार्यक्रमाहून आल्यावर कानात सूं सूं किंवा शिट्टी वाजत राहिली तर पीक आडवं झालंय असं समजा.

शंख बिघडवणारी आणखी कारणं आहेत. गोवर, गालगुंड, मेंदूज्वर. गरोदरपणात आईला झालेला रुबेला. क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन. ही औषधं जीव वाचवतात, ती मनानं बंद करायची नाहीत, पण सुरू होताना "कान तपासून घेऊ या का?" असं डॉक्टरांना विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

बाळ वळून बघतं, म्हणजे ऐकतंच असं नाही

जगात दर हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच लक्षणीय बहिरेपण असतं. यात अर्ध्याहून अधिक वेळा कारण आनुवंशिक असतं, आणि बहुतेकदा आईवडील दोघंही व्यवस्थित ऐकणारे असतात. सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडे लपलेली असते. नात्यातल्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाची मुलगी करण्याची रीत आहे म्हणून हे स्पष्ट सांगतो. कुणाला दोष द्यायला नव्हे. अशा घरात बाळाची तपासणी चुकू नये एवढ्याचसाठी.

टाळी वाजवली, बाळानं वळून पाहिलं, म्हणजे कान चांगले, असं घरोघरी ठरवलं जातं. बाळ हवेची झुळूक, सावली, आईच्या चेहऱ्यावरचा भावही टिपतं. मग "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणत तीन वर्षं जातात. खरी तपासणी अगदी साधी आहे: झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवायची, काही मिनिटांत काम होतं, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा नावाची चाचणी करतात, जी मेंदूपर्यंतचा इशारा मोजते. नियम लक्षात ठेवायला सोपा: एक महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू. घाई एवढ्यासाठी की मेंदूतला भाषेचा भाग पहिल्या काही वर्षांतच घडतो. त्या काळात त्याला कुठलीच भाषा मिळाली नाही तर पुढची भरपाई फार अवघड जाते.

कानाला लावायच्या श्रवणयंत्रानं भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. यात कानामागे त्वचेखाली एक भाग बसवतात आणि शंखात बारीक तार सरकवतात. ती मेलेल्या केसपेशींना वगळून थेट नसेला इशारे देते. बाहेरचा भाग लोहचुंबकानं डोक्याला चिकटतो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल बोलायला लागलं, असं नाही. पुढे काही वर्षं रोजची वाचा-श्रवण शिकवणी लागते, आणि ती बहुधा आईच्याच खांद्यावर पडते. खर्चासाठी केंद्राची दिव्यांगांना उपकरणं देणारी एडिप योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. लहान वयाची अट असल्यामुळे चौकशी आजच करायची. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या बालकांच्या लवकर तपासणी केंद्रात सुरुवात होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ज्यांचं नाव तिला दिलंय ते अली यावर जंग आपले राज्यपाल होते. तिथे तपासणीपासून शिकवणीपर्यंत सगळं होतं.

सगळ्यांनाच इम्प्लांट हवं असतं असंही नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्रानं तिचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये पूर्ण केला. खुणा शिकल्यानं मूल बोलायचं थांबतं ही भीती निराधार आहे. भाषा मिळणं महत्त्वाचं, ती तोंडानं की हातानं हा पुढचा प्रश्न. आणि "मुका" हा शब्द आता सोडूया. कर्णबधिर मुलाचा गळा अगदी ठीक असतो.

यंत्र लावलं त्या दिवशी

अप्पांची तपासणी एका बंद खोलीत झाली. कानावर हेडफोन, हातात बटण, बारीकशी टुक्‌ ऐकू आली की दाबायचं. काचेतून मी बघत होतो. सुरुवातीला ते भराभर दाबत होते. मग थांबले. ऑडिओलॉजिस्ट आवाज वाढवत होत्या, मला बाहेरच्या स्पीकरवर ती टुक् स्वच्छ येत होती, आणि अप्पा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले होते. दोन-तीन वर्षांत मी त्यांना किती वेळा टाकून बोललो, ते सगळं मला तेवढ्या वेळात आठवलं.

कागदावरची रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. चार हजार हर्ट्‌झपाशी खोल खड्डा, गोंगाटाची खूण. त्यात वयाची भर पडलेली.

श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा घातला की लगेच नीट दिसतं. यंत्र घातल्यावर मेंदूला कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज पुन्हा ओळखायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी अप्पांना भांड्यांचा आवाज झोंबला, प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली तर ते दचकले, आणि स्वतःचं भाकरी चावणंही त्यांना नको इतकं मोठं ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी यंत्र कपाटात गेलं. पुष्कळ घरांत ते तिथेच राहतं आणि लोक म्हणतात, "पैसे वाया गेले." आम्ही परत गेलो, त्यांनी बारीक आवाज थोडे कमी करून दिले, असं तीनदा झालं. सुरुवातीला रोज एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत. दोन महिन्यांनी ते सकाळी स्वतःहून लावायला लागले.

यंत्र घेताना ते तुमच्या तपासणीच्या रेघेप्रमाणे बसवून द्यायला सांगा. नुसता आवाज वाढवणारी स्वस्त डबी सगळंच मोठं करते, गोंगाटासकट. दोन्ही कान गेले असतील तर शक्यतो दोन्हीकडे लावा, दिशा त्यातूनच कळते. आपल्या पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिकाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवा. उत्पन्न कमी असेल तर ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, आणि राज्यानं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळायची तरतूद होती. सद्यस्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारा. दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबल किंवा जास्त कमतरता असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मोडते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे.

घाई आणखी एका कारणासाठी. न ऐकू येणारा माणूस हळूहळू माणसांतून उठतो. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी जी कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं मांडली, त्यांत ऐकू कमी येणं ठळकपणे आहे.

यंत्रानं मागाची तीस वर्षं परत येत नाहीत, त्यामुळे उरलेलं काम घरानं करायचं असतं. आमच्याकडे ते आईनं केलं, कुणी न शिकवता. आता ती स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. मिक्सर बंद करते, बाहेर येते, अप्पांच्या समोर, उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहते. आधी "अहो" म्हणते, ते बघेपर्यंत थांबते, मग बोलते. नाही कळलं तर तेच शब्द पुन्हा मोठ्यानं म्हणत नाही, वेगळे शब्द घेते. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर तिनं पूर्ण सोडलंय, कारण त्या एका वाक्यानं अप्पांचा चेहरा कसा पडतो ते तिनं पाहिलंय.

परवा भाजीवाली आली. आई बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, पन्नास आणि दहा द्या." अप्पांनी साठ रुपये काढून दिले.